कॅम्पच्या बसचं डिव्हिजन

मला गणवेशाचा राग आहे. कुठल्याही. शाळेचा, लग्नातल्या वाढप्यांचा, मॉलच्या दारातल्या सलाम ठोकणाऱ्या काकांचा. एकसारखे कपडे घालून माणसं रांगेत उभी दिसली की माझ्या डोक्यात पत्रकाचा मथळा तयार व्हायला लागतो. कॉलेजात होते तेव्हापासून पत्रकं लिहिते आहे. पाण्यावर, फीवाढीवर, झाडतोडीवर, फुटपाथवर गाड्या लावणाऱ्यांवर. माझ्या लिखाणात 'निषेध' हा शब्द नसला तर घरचे विचारतात, बरं नाही का. अशा मुलीने लष्कराच्या डिव्हिजनबद्दल लिहावं हे माझं मलाच पटत नाही. पण शहाणपण कुठून मिळालं ते लपवणं मला त्याहून पटत नाही, म्हणून लिहिते.

सुरुवात बसपासून झाली. इंदिरानगरहून पाथर्डी गाव, वडनेर करत देवळाली कॅम्पला जाणारी आमची बस. एका सकाळी थांब्यावर कागद चिकटलेला दिसला. या मार्गावर प्रवासी फार कमी आहेत, सबब पुढच्या आठवड्यात तपासणी करून फेऱ्या चालू ठेवाव्यात की नाही याचा निर्णय घेण्यात येईल. कोण घेणार, कुठे बसून घेणार, त्यांनी कधी या बसमध्ये पाऊल ठेवलंय का, यातलं काही त्यात नव्हतं.

मी कागदाचा फोटो काढत होते तेव्हा शेजारी सुभेदारकाका उभे होते. ते आमच्याच इमारतीत तळमजल्यावर मुलाकडे राहतात. मूळचे सिन्नरकडच्या खेड्यातले, पायदळात शिपाई म्हणून शिरले आणि सुभेदार होऊन निवृत्त झाले. रोज सकाळी पहिल्या बसने कॅम्पला जायचं हा त्यांचा नेम. हातात कापडी पिशवी, पिशवीत वस्तरा, ब्रश, साबणाची वडी आणि तुरटीचा खडा. कॅम्पात त्यांचा मित्र अंथरुणाला खिळलेला आहे. अर्धांगवायूने उजवी बाजू गेली. मित्र सटाण्याकडचा, तोंडाने तिखट, आणि घरातल्या कुणालाही गळ्याजवळ वस्तरा आणू देत नाही. फक्त सुभेदारकाकांना देतो. कारण एकाहत्तरच्या लढाईत दोघं एकाच सेक्शनमध्ये होते. मित्राच्या हातात हलकी मशीनगन, काकांच्या अंगावर तिची काडतुसं. गन चालवणारा एक नंबर, मॅगझिन भरून देणारा दोन नंबर. त्या सेक्शनमधले आता हे दोघंच उरलेत, आणि अजून एकमेकांना नंबरानेच हाक मारतात.

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मुलाने काकांची स्कूटर विकून टाकली. रिक्षावाले वडनेरच्या पुढे यायला नाक मुरडतात. नाशिकरोडला बस बदलून जायचं तर गुडघे ओरडतात, आणि पोचेपर्यंत मित्राने वाट बघून बघून सगळ्या घरावर तोंड टाकलेलं असतं. म्हणजे बस गेली की काकांचं जाणं गेलं. कागद वाचून ते इतकंच म्हणाले, "आता त्याची दाढी वाढनार." आणि बसमध्ये चढले.

मी संध्याकाळपर्यंत समिती काढली.

समिती काढण्यात आमचा हात धरणारं कुणी नाही. पहिली बैठक काकांच्याच हॉलमध्ये. बँकेतून निवृत्त झालेले समोरच्या इमारतीतले साहेब अध्यक्ष झाले, कारण त्यांच्याकडे लेटरहेड छापून घ्यायचा उत्साह होता. मग दोन उपाध्यक्ष, सरचिटणीस, सहचिटणीस, खजिनदार, सल्लागार. मी प्रसिद्धिप्रमुख. चहा येईपर्यंत सगळी पदं भरली आणि साधा सभासद म्हणून कुणी उरलंच नाही. मी पत्रक वाचून दाखवलं. 'सामान्य प्रवाशाच्या हक्कावर घाला' हा मथळा. खाली दोन्ही बाजूंनी भरगच्च मजकूर. सगळ्यांनी मान डोलावली.

काका कोपऱ्यात बसून ऐकत होते. त्यांनी कपबशी खाली ठेवली आणि विचारलं, "समदे साहेब झाले. लढनार कोन?"

अध्यक्ष म्हणाले, आम्ही सगळेच लढणार.

काका उठले, दार उघडलं आणि बाहेर आमच्या आणि घरच्यांच्या चपलांच्या ढिगाशी उकिडवे बसले. गुडघ्यांची तक्रार असलेला माणूस असा झटकन बसतो हे मी तेव्हाच पाहिलं. आम्ही सगळे दारात जमलो. त्यांनी ढिगातून एकेक जोड काढून फरशीवर मांडायला सुरुवात केली.

तीन ठिकाणी तीन तीन जोड. ते म्हणाले, ही एक डिव्हिजन. पायदळाची. एकेक जोड म्हणजे एकेक पलटण, बटालियन म्हणा. तीन पलटणींची एक ब्रिगेड, तीन ब्रिगेडची एक डिव्हिजन. पलटणीच्या आत शिरलं तर चार रायफल कंपन्या, शिवाय मॉर्टरवाले आणि कचेरीवाले वेगळे. कंपनीत तीन प्लाटून, प्लाटूनमध्ये तीन सेक्शन, आणि सेक्शन म्हणजे दहा माणूस. तीनचा पाढा येत असेल तर फौज समजते, असं त्यांचं म्हणणं. मध्ये कंपन्या चार का, असं खजिनदारांनी विचारलं तेव्हा काका म्हणाले की पाढा सरकारी आहे, कुठेतरी चुकणारच.

मग या नऊ जोडांच्या मागे त्यांनी उरलेली पादत्राणं लावली. अध्यक्षांचे काळे बूट हे तोफखाना. सरचिटणिसांच्या कोल्हापुरी म्हणजे सॅपर, पूल बांधणारे आणि सुरुंग काढणारे. माझे कॅनव्हासचे बूट सिग्नल, तारा ओढणारे आणि निरोप पोचवणारे. त्यामागे रसद, दारूगोळा, गाड्या दुरुस्त करणारा कारखाना, जखमी उचलणारी फील्ड अॅम्ब्युलन्स, रस्त्यावर गाड्यांना वाट दाखवणारे मिलिटरी पोलीस, लंगर म्हणजे फौजेचं स्वयंपाकघर, आणि अगदी शेवटी एका लहान मुलीची गुलाबी सँडल. ते पोस्ट ऑफिस. शांततेच्या दिवसांत यातले अर्धे लोक रजेवर, कोर्सवर, कुठल्या कुठल्या कामावर पांगलेले असतात. लढाई लागली की सगळे गोळा होतात आणि पंधरा-सोळा हजार माणूस एकत्र हलतो. स्वतःच्या तोफा, स्वतःचे पूल, स्वतःचा दवाखाना आणि स्वतःचं टपाल घेऊन. लहानसा तालुकाच चालायला लागला म्हणा.

मला मान्य करायला हवं, मी ऐकत होते. पण बाकीच्यांचं लक्ष आपापल्या चपलेकडे होतं. आपली चप्पल लंगरमध्ये लावली म्हणून सहचिटणिसांनी तोंड वाकडं केलं. अध्यक्षांनी विचारलं की माझे बूट इतके मागे का. तोफखाना मागेच असतो आणि लांबून मारा करतो, हे ऐकल्यावर ते खूश झाले आणि बूट थोडे सरळ करून ठेवले.

मग काकांनी प्रत्येक तिनातला एक जोड हाताने मागे सरकवला. दोन पुढे, एक मागे. सेक्शनपासून डिव्हिजनपर्यंत हेच. दोन प्लाटून भिडतात, तिसरी राखीव. दोन ब्रिगेड भिडतात, तिसरी राखीव. मागचा झोपलेला नसतो. पुढचा कुठे अडला, कुठे फट पडली, हे बघून त्याला सोडायचं असतं.

इथे माझ्यातलं पत्रक जागं झालं. मी म्हटलं, काका, ही चळवळ आहे, फौज नाही. इथे कुणी वर नाही, कुणी खाली नाही, कुणाला मागे ठेवायचं नाही. आम्ही सगळे पुढे असतो.

"आन् मागं कोन ऱ्हातं?"

"मागे कुणीच नाही."

"मंग पळायला सोपं," काका म्हणाले, आणि गुडघ्यावर हात ठेवून उठले.

सगळे हसले. मी नाही हसले. बैठक संपली तेव्हा त्या मांडणीत चपला शोधताना इतका गोंधळ झाला की एक उपाध्यक्ष दुसऱ्या उपाध्यक्षांच्या चपला घालून घरी गेले. मी मनात म्हटलं, ही तुमची शिस्त.

तपासणीच्या पहिल्या दिवशी आम्ही आमच्या पद्धतीने लढलो. पहिलीच बस खच्चून भरून दाखवायची, म्हणजे तपासनीसाचे डोळे उघडतील, असा ठराव होता. समितीचे सगळे, त्यांच्या बायका, मुलं, माझ्या कॉलेजातली टोळी, दोन फलक, एक डफ. आम्ही बसच्या सुरुवातीच्या थांब्यावर जाऊन चढलो. सगळ्यांनी कॅम्पपर्यंतची तिकिटं काढली. तपासनीस साधा, शांत माणूस होता, दाराशी उभा राहून मोजत होता. कुठे चाललात, असं त्याने एका मुलाला विचारलं. मुलाने उत्तरादाखल घोषणा दिली.

बस इतकी भरली की इंदिरानगरमधल्याच पुढच्या, आमच्या रोजच्या थांब्यावर ड्रायव्हरने थांबवलीच नाही. त्या थांब्यावर सुभेदारकाका उभे होते. पिशवी हातात. त्यांच्यासोबत कॅम्पच्या दवाखान्यातल्या सिस्टर होत्या, बाजारातल्या कापडाच्या दुकानात काम करणाऱ्या दोन मुली होत्या, टोपलीवाल्या एक बाई होत्या. मी खिडकीतून त्यांच्याकडे बघून फलक हलवला. खरंच हलवला. काकांनी हात वर केला होता तो बस थांबवायला.

कॅम्पला उतरून आम्ही फोटो काढले. मग सगळ्यांना ऑफिसं होती, म्हणून अध्यक्षांनी आधीच गाड्या बोलावून ठेवल्या होत्या. बाकीचे त्यातून परत गेले. मी मात्र घोषणांची भर म्हणून तपासनीसाला पत्रक द्यायला बसपाशी थांबले. त्याने पत्रक घडी करून खिशात ठेवलं आणि म्हणाला, "मॅडम, येताना जत्रा होती. आता जाताना मी एकटाच."

मला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही, याचाच राग आला.

संध्याकाळी मी काकांकडे गेले. ते पाय सोडून बसले होते. त्या दिवशी त्यांचं जाणं झालं नव्हतं, पुढच्या बसची वाट बघत थांबायला गुडघा तयार नव्हता. मला वाटलं आता ओरडतील. ते ओरडले नाहीत, त्यांना मजा वाटत होती, आणि ते जास्त लागलं. पूर्ण डिव्हिजन एका ट्रकात कोंबली तुम्ही, ते म्हणाले, आणि ट्रक खुद्द आपल्याच माणसांच्या अंगावरून नेला. मी म्हटलं, उद्या मी तुमच्याबरोबर येते. एकटी, डफ न घेता.

दुसऱ्या दिवशी गेलो. मित्राचं घर कॅम्पात बाजाराच्या मागच्या गल्लीत, बसक्या छपराचं, दारात कढीपत्त्याचं झाड. दोन दिवसांची पांढरी खुंटं वाढवून ते उशीला टेकून बसले होते आणि आम्हाला बघताच डाव्या हाताने मनगटाकडे बोट दाखवलं, जिथे घड्याळ नव्हतं.

"काल कोठे मरेल व्हता तू? आनि हाई पोर कोन शे?"

काकांनी साबण फेसवत सांगितलं की हिच्याचमुळे काल येता आलं नाही. म्हाताऱ्याने माझ्याकडे नीट बघितलं. मग म्हणाले, बस, चहा पी. सूनबाईंनी चहा दिला आणि मला हळूच सांगितलं की काल दिवसभर घरात कुणाशी बोलले नाहीत.

दाढी करताना काका बोलत होते आणि मित्र तोंड न हलवता दुरुस्त्या करत होते, म्हणजे घशातून हुंकार काढत होते. एक हुंकार म्हणजे बरोबर, दोन म्हणजे थापा मारू नको. मी विचारलं की एवढी सोळा हजारांची फौज, तोफा, गाड्या, साहेब, हे सगळं मग नेमकं करतं काय. काकांनी वस्तरा पुसला. पूर्वेकडे नद्याच नद्या, ते म्हणाले. सॅपरांनी पूल टाकला नसता तर आम्ही काठावर बसून मासे धरले असते. तोफखान्याने समोरच्याला खाली मुंडी घालायला लावली नसती तर आम्ही बांध ओलांडला नसता. लंगरच्या रोट्या थंड यायच्या पण यायच्या. टपालही यायचं. एकदा याला बायकोचं पत्र आलं आणि हा गनवर होता म्हणून मी वाचून दाखवलं. इथे दोन हुंकार आले. तिने म्हशीबद्दल लिहिलं होतं, माझ्याबद्दल काही नव्हतं, असं मित्राने वस्तरा दूर होताच स्पष्ट केलं.

"समदं कशासाठी?" काका म्हणाले. "तोफा, पूल, तार, रोटी, पत्र. ते पुढचे दहा जन बांधापल्याड पोचावं म्हनून. बस. ते नाय पोचले तर जनरलसाहेबाचा नकाशा गुंडाळून ठेवायचा."

मित्राने हुंकार दिला. एक.

परतीच्या बसमध्ये मी पहिल्यांदा प्रवाशांकडे बघितलं. म्हणजे माणसं म्हणून बघितलं. माझ्या पत्रकात ती 'सामान्य जनता' होती. रात्रपाळी संपवून दवाखान्यातल्या आणखी एक सिस्टर खिडकीला डोकं टेकून झोपल्या होत्या. टोपलीवाल्या बाई रिकाम्या टोपलीत पाय ठेवून बसल्या होत्या. नातवाला कॅम्पातल्या शाळेत सोडायला गेलेले एक आजोबा. जवानाची तरुण बायको, कडेवर मूल, पाथर्डीत राहणाऱ्या आईकडे निघालेली. आपण मोर्चा नेतो म्हणजे आपण पायदळ, असं मी धरून चालले होते. पायदळ हे होतं. रोज जातं, रोज येतं, कुणी फोटो काढत नाही. समितीतले आम्ही सगळेच्या सगळे मागचे. तोफखाना, सिग्नल, लंगर. आणि काल आम्ही आमच्याच पायदळाला थांब्यावर सोडून पुढे धावलो होतो.

त्या संध्याकाळी बैठक घेतली आणि हे असंच सांगितलं. गोड बोलायची मला सवय नाही. सहचिटणीस म्हणाले, म्हणजे माझी चप्पल बरोबर जागी होती तर. मी म्हटलं, सगळ्यांच्याच होत्या.

मग काकांनी काम वाटलं. इंदिरानगर, पाथर्डी, वडनेर अशा तीन ब्रिगेड. प्रत्येक थांब्याला तिघं. त्यांनी बसमध्ये चढायचं नाही. आसपासच्या सोसायट्यांत, वस्त्यांत, दुकानांत जाऊन फक्त विचारायचं, कॅम्पला कोण जातं आणि कसं जातं. जे सापडलं ते बघून मी थक्क झाले. निम्म्या लोकांना बस आहे हेच माहीत नव्हतं. ज्यांना माहीत होतं त्यांना ती किती वाजता येते हे माहीत नव्हतं, म्हणून त्यांनी तिचा नाद सोडला होता. आणि दोन्ही बाजूंनी छापलेल्या माझ्या पत्रकात सत्तेचा माज होता, खासगीकरणाचा डाव होता, बसची वेळ नव्हती.

नवीन पत्रक मी लिहिलं. थांब्याचं नाव आणि सुटायच्या वेळा. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात कोरडं लिखाण. खाली निदान एक निषेध टाकू द्या म्हणून मी भांडले. काका म्हणाले, टाक की, पण वेळेच्या खाली टाक. ते पत्रक लोकांनी फ्रिजला चिकटवलं. इतक्या वर्षांत माझं पत्रक कुणी घरात लावलेलं मी पहिल्यांदा बघितलं.

तोफखाना, म्हणजे अध्यक्ष, रोज लेटरहेडवर एक विनंती पाठवत आणि फोनवरून मारा चालू ठेवत. सहचिटणिसांकडे गाडी होती, ते वडनेरला उभे. बस बिघडली तर अडलेल्यांना पुढे पोचवणं हे त्यांचं काम, आणि ती एकदाही बिघडली नाही याचं त्यांना वाईट वाटलं. मी सिग्नल. फोन कानाला लावून उभी.

राखीव म्हणून काकांनी भजनी मंडळ ठरवलं होतं. आमच्या गल्लीतल्या बायका कित्येक महिने कॅम्पच्या खंडोबाच्या टेकडीवर जाऊ जाऊ म्हणत होत्या. काका जाऊन त्यांना म्हणाले, तयारीत राहायचं, हुकूम येईपर्यंत हलायचं नाही. मंडळाच्या बाई निवृत्त मुख्याध्यापिका आहेत. त्यांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "सुभेदार, आम्ही तुमच्या पलटणीत कधी भरती झालो?"

काका गोंधळून माझ्याकडे बघायला लागले. हा प्रसंग मी मुद्दाम लिहिते आहे, कारण इथे मी बरोबर होते. ज्यांच्यावर आपली सत्ता नाही त्यांना हुकूम देता येत नाही, पटवावं लागतं, आणि पटवायचं काम पत्रकवाल्यांना येतं. मी बाईंपाशी बसून सगळं सांगितलं. वस्तऱ्याच्या पिशवीसकट. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या की आम्ही जाणार तर आहोतच, कोणत्या दिवशी गेलो तर उपयोग होईल ते तेवढं कळव. आणि सुभेदारांना सांग, 'कृपया' म्हणायला शिका.

दिवसेंदिवस बस भरत गेली. काठोकाठ नाही, पण खरी. एका सकाळी मात्र प्रवासी जरा कमी दिसले आणि अध्यक्षांचा फोन आला की राखीव सोडा, ताबडतोब सोडा. मी काकांकडे बघितलं. ते थांब्यावरच्या कठड्यावर बसून लोक मोजत होते. नाही म्हणाले. पहिल्या खरचटण्याला राखीव सोडली तर हात तुटेल त्या दिवशी काय सोडणार. अध्यक्ष फोनवर चिडले, म्हणाले तुम्ही आमचं ऐकत नाही. काका म्हणाले, तोफखान्याने असंच म्हणायचं असतं.

मग आला कॅम्पचा बाजार बंद असायचा दिवस. दुकानातल्या मुली नाहीत, टोपलीवाल्या बाई नाहीत, शाळांनाही सुट्टी जोडून आलेली. आदल्या संध्याकाळीच काकांनी ओळखलं. मला म्हणाले, सांग तुझ्या बाईंना. मग थांबून म्हणाले, कृपया सांग.

त्या आल्या त्या मात्र त्यांच्या पद्धतीने. दोन गट पहिल्या दोन फेऱ्यांना, तिसरा दुपारी. येतानाही तसेच विभागून. टाळ, डबे, पाण्याच्या बाटल्या, एकीच्या हातात पेटी. तपासनीस दारातच अडखळला. त्याला पहिल्या दिवसाची आठवण झाली असणार. त्याने विचारलं की कुठे चाललात.

"खंडोबाला."

"परत?"

"मग काय तिथेच राहू?" बाई म्हणाल्या.

तो हसला आणि बाजूला झाला. बसमध्ये त्यांनी पेटी उघडली. मी थांब्यावर उभी राहून बस जाताना बघितली, चढले नाही. मला इतकं चढावंसं वाटत होतं की मी कठड्याला धरून ठेवलं स्वतःला. काका मात्र त्याच बसमध्ये होते, मागच्या सीटवर, पिशवी मांडीवर घेऊन, भजनात अगदी चुकीच्या ठिकाणी टाळ्या वाजवत.

बस राहिली.

तसा कागदच लागला थांब्यावर. आम्ही तो वाचला, पुन्हा वाचला, अध्यक्षांनी फोटो काढला. आणि मग मला राग आला तो आलाच. लोकांच्या पैशाने लोकांसाठी चालणाऱ्या बसने परीक्षेला का बसायचं? ज्या दिवशी तिच्यात एकच म्हातारा चढतो त्या दिवशी ती धावायला नको का? सोळा हजार माणसं दहा माणसांसाठी हलतात हे ज्यांना समजतं त्यांच्या देशात एका बसचा हिशोब डोकी मोजून करायचा? हे मी पुढच्या पत्रकात लिहिणार आहे. वेळेच्या खाली.

कागदावर आणखी एक ओळ होती. दवाखान्यातल्या सिस्टर आणि दुकानातल्या मुलींच्या मागणीनुसार पहिली फेरी आता लवकर सुटेल. आम्ही प्रवासी जमवले, त्यांनी आपली मागणी केली, ती मान्य झाली. बरोबरच होतं. फक्त काका आता पोचतात तेव्हा मित्र गाढ झोपलेला असतो. त्या पुढची बस त्यांना उशिराची पडते आणि तिच्यात हल्ली बसायला जागा नसते.

मध्ये एकदा माझं कॅम्पात काम होतं म्हणून मी पहिल्या बसने गेले. बाजारामागच्या गल्लीत काका कढीपत्त्याच्या झाडाशी पायरीवर बसले होते. पिशवी शेजारी, ब्रश बाहेर काढून वाटीत भिजत घातलेला. आतून घोरणं ऐकू येत होतं. मी म्हटलं, काका, हाक मारा की त्यांना. नाहीतर मी बोलते बसवाल्यांशी, वेळ मागे घ्यायला लावते, एक पत्रक काढलं की झालं.

"कशाला? त्या पोरी वेळेवर पोचतात आता." ते सरकले आणि मला पायरीवर जागा करून दिली. "झोपू दे त्याला. ड्यूटीवर मी हाय ना."

आत घोरणं थांबलं, कूस बदलल्याचा आवाज झाला आणि परत सुरू झालं. काकांनी ब्रश पाण्यात एकदा फिरवून ठेवला.

"बस," ते म्हणाले. "चहा होईल आता."

मी बसले.